रिमोट तुमचा, मग पासवर्ड कुणाचा?

दुपारचे दोन-अडीच वाजलेले असतात. लासलगावच्या बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची घरघर रस्त्यावर चालू असते. घरातली पुरुषमंडळी लिलावाला गेलेली, मुलं शाळेत, जेवणं उरकलेली आणि ओटाही पुसून झालेला. दिवसभरातला हा एवढाच काय तो तास-दीड तास बाईच्या हक्काचा. रात्री अर्धवट राहिलेला मालिकेचा भाग बघावा म्हणून ती टीव्ही लावते, तर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र! नाहीतर 'पुन्हा साइन इन करा' अशी पाटी. मग पुण्याला शिकायला असलेल्या मुलाला फोन.

''अरे, टीव्ही काहीतरी कोड मागतोय.''

''आई, लेक्चर चालू आहे गं. संध्याकाळी बघतो.''

आता बोला! टीव्ही आपल्या घरात, वीजबिल आपण भरायचं, रिमोट आपल्या हातात आणि टीव्ही सुरू व्हायची परवानगी मात्र पुण्याहून यायची! हे काही एका घरातलं चित्र नाही. लासलगाव, विंचूर, निफाड, येवला, कुठेही जा, ज्या ज्या घरातली मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी गेली आहेत, तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. म्हणूनच मैत्रिणींनो, आज जरा या टीव्हीच्या काडीची ओळख करून घेऊ या. ती लावायची कशी, अडली तर सोडवायची कशी, आणि मुख्य म्हणजे तिची किल्ली कुणाच्या हातात असावी?

गच्चीवरच्या काड्यांपासून टीव्हीमागच्या काडीपर्यंत

अँटेनाचा जमाना आठवतो ना? १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी घराघरात एकच कार्यक्रम असायचा. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि घरातली बाई टीव्हीसमोरून ओरडून सांगायची, ''आलं, आलं! आता परत गेलं... हां, आता हलवू नको!'' गंमत बघा, चित्र नीट आलं की नाही हे सांगायचं काम तेव्हाही तिचंच होतं. अँटेनाला हात लावायचा मान मात्र दुसऱ्याचा! पुढे केबल आली, मग छत्री आली. तेव्हाही बिघाड झाला की केबलवाल्या दादांची वाट बघण्यापलीकडे आपल्या हातात फारसं काही नव्हतं.

टीव्हीच्या मागे खोचायची काडी आली आणि हे सगळं बदललं. गूगलचं 'क्रोमकास्ट' भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आलं आणि ॲमेझॉनची 'फायर टीव्ही स्टिक' एप्रिल २०१७ मध्ये. त्यानंतर इंटरनेटच्या जोडणीबरोबरच डबा देणाऱ्या कंपन्या आल्या. काडी म्हणा की डबा, काम एकच. केबलमधून किंवा छत्रीतून येणारं चित्र ती इंटरनेटवरून आणते आणि टीव्हीला देते. थोडक्यात काय, ती एक छोटासा कॉम्प्युटरच आहे, फक्त त्याला पडदा नाही. पडदा आपल्या टीव्हीचा. तुम्ही फोनवर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चालवता ना? मग या काडीत तुम्हाला जमणार नाही असं काहीही नाही.

आधी बघा, गरज आहे का?

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमचा टीव्ही गेल्या काही वर्षांत घेतलेला 'स्मार्ट' असेल, तर त्यात यूट्यूब वगैरे आधीच असतं. मग काडी कशाला? इंटरनेटवाल्यांनी डबा दिला असेल, तरी वेगळी काडी लागत नाही.

टीव्ही साधा असेल तर त्याच्या मागे किंवा कडेला 'एचडीएमआय' लिहिलेलं चपटं, रुंद भोक आहे का ते बघा. ते असेल तर काडी चालेल. जुन्या, पाठीला पोक असलेल्या टीव्हीला हे भोक नसतं. त्याला तांबडी-पांढरी-पिवळी पिन लागते. मधे बसवायची छोटी डबी मिळते, पण चित्र फार सुंदर दिसेल अशी आशा ठेवू नका.

जोडणी : अर्ध्या तासाचं काम

काडी एचडीएमआयच्या भोकात बसवा. भोकं दोन-तीन असतील तर आपण कुठल्या नंबरात बसवली ते लक्षात ठेवा. कारण टीव्हीच्या रिमोटवर 'इनपुट' किंवा 'सोर्स' दाबून तोच नंबर निवडायचा असतो. 'काडी चालतच नाही' म्हणून परत करायला निघालेली कितीतरी माणसं फक्त इथेच अडलेली असतात.

दुसरी गोष्ट विजेची. काडीला वीज लागते. बरेच जण तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी भोकात खुपसतात, दिसायला नीटनेटकं दिसतं म्हणून. पण पुष्कळ टीव्हींच्या त्या भोकातून पुरेशी वीज मिळत नाही. मग काडी मधूनच बंद पडते, पुन्हा सुरू होते. म्हणून खोक्यातून आलेला तिचा स्वतःचा चार्जर भिंतीतल्या बोर्डालाच लावा. आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, तेव्हा मधे एक स्पाइक गार्ड असलेला बरा.

तिसरी गोष्ट वाय-फायची. पडद्यावर घरातल्या वाय-फायचं नाव आलं की ते निवडून पासवर्ड टाकायचा. हा पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. कुणी बदललेला नसेल तर तोच चालतो. काही राउटर एकाच घरात दोन नावं दाखवतात, एकाच्या शेवटी '५जी' असतं. हे फोनचं फाइव्ह-जी नव्हे बरं का! ही राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर. ती जोरात धावते, पण भिंतींपुढे दमते. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची, जरा हळू पण लांब पोहोचणारी. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर पहिली घ्या. मधे जुन्या घराची जाडजूड भिंत असेल तर दुसरी. आणि राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवू नका. लोखंड वाय-फायला अडवतं. उंचावर, मोकळ्या जागी ठेवा.

मळ्यात राहणाऱ्या मैत्रिणींकडे वायरचं इंटरनेट नसतं, तिथे फोनचं हॉटस्पॉट कामाला येतं. चालतं, पण हिशोब बघा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या आकड्यांनुसार साध्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक एचडीमध्ये ४० मिनिटांत साफ! तेव्हा हॉटस्पॉटवर बघताना ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी करून ठेवा.

खातं कुणाच्या नावावर?

आता येते खरी गोम. काडी सुरू झाली की ती विचारते, 'तुमचं खातं कोणतं?' आणि इथे आपण काय करतो? ''अरे, तूच टाक रे तुझं काहीतरी,'' म्हणून मुलाच्या हातात रिमोट देतो. तो दिवाळीच्या सुट्टीत आलेला असतो, पाच मिनिटांत स्वतःचा मेल, स्वतःचा मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. सगळे खूश. सुट्टी संपते, मुलगा पुण्याला जातो, आणि ओटीपीही त्याच्याबरोबर पुण्याला जातो!

पूर्वी हे कसंबसं खपून जायचं. आता खपत नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात सांगून टाकलं, की एक खातं एका घरापुरतंच. मुलाच्या पुण्याच्या खोलीवरचं खातं लासलगावच्या टीव्हीवर लावलं, की पडताळणीचा कोड मागितला जाऊ शकतो, आणि तो कोड जातो खात्याच्या मालकाकडे. म्हणजे पुन्हा 'आई, लेक्चर चालू आहे गं'.

म्हणून साधा नियम करा. टीव्ही ज्या घरात, त्याचं खातं त्याच घरात राहणाऱ्या माणसाच्या मोबाइल नंबरावर. आणि दुपारी टीव्ही बघणारी तुम्ही असाल, तर तो नंबर तुमचाच! तुमच्या फोनवर मेलचं खातं असतंच, त्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नाही. तोच पत्ता वापरा. पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा किंवा 'लासलगाव१२३' असला नको. तीन-चार असंबद्ध शब्द जोडून लांबलचक करा आणि घरातल्या वहीत लिहा. हो, वहीतच! जिथे गॅसचा ग्राहक क्रमांक आणि विजेच्या बिलाचा नंबर लिहिता, तिथे. कपाटातल्या वहीतून पासवर्ड चोरीला जाण्यापेक्षा, तो कुणालाच आठवत नाही म्हणून टीव्ही अडण्याचा धोका जास्त. त्याच पानावर राउटरचा पासवर्ड, इंटरनेटचा ग्राहक क्रमांक आणि पॅक संपण्याची तारीखही लिहून ठेवा.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. 'रिचार्जवर फुकट मिळालंय, फोनवर दिसतं, मग टीव्हीवर का दिसत नाही?' कारण काही योजना फक्त मोबाइलपुरत्या असतात. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात अशीच फक्त फोन-टॅबलेटवर चालणारी, महिना १९९ रुपयांची योजना आणली होती. तेव्हा पैसे भरण्याआधी योजनेत 'टीव्ही' हा शब्द आहे का ते वाचा. काही ॲपची नावंही बदलतात. हॉटस्टार आणि जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये एकत्र होऊन 'जिओहॉटस्टार' झालं. जुनं नाव शोधत बसलात तर सापडायचं नाही.

अडलं तर : बाहेरून आत या

घरात अंधार झाला तर आपण काय करतो? आधी खिडकीतून बघतो, शेजारी लाइट आहेत का. मग आपला मेन स्विच, मग खोलीतलं बटण, आणि शेवटी बल्ब. टीव्हीच्या काडीलाही हाच क्रम लावायचा. बाहेरून आत. अर्ध्याहून जास्त डोकेदुखी इथेच संपते.

पहिली पायरी, इंटरनेट. त्याच वाय-फायवर फोन जोडा, फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि यूट्यूब लावून बघा. फोनवरही चालत नसेल तर काडीचा काही दोष नाही, इंटरनेटच गेलंय. मग काडीशी झटापट करू नका. पॅक संपलाय का बघा, नाहीतर इंटरनेटवाल्याला फोन करा.

दुसरी पायरी, राउटर. वीज जाऊन आली की काय होतं? काडी पटकन जागी होते, पण राउटरला पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. काडी वाय-फाय शोधते, सापडत नाही, आणि 'इंटरनेट नाही' म्हणून रुसून बसते. अशा वेळी दोन्ही बंद करा. आधी राउटर लावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मगच काडी. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन टाका.

तिसरी पायरी, काडी. तिचा चार्जर बोर्डातून काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. रिमोटवरचं बटण दाबून टीव्ही बंद केला म्हणजे काडी बंद होत नाही, ती नुसती डुलकी काढते. हात लावून बघा, फार तापली आहे का? एप्रिल-मेच्या उन्हात भिंतीला चिकटलेल्या टीव्हीच्या मागे तिला वारा मिळत नाही. खोक्यात येणारा एचडीएमआयचा छोटा वायरतुकडा जोडून तिला जरा बाहेर घ्या. मागची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, आधी सगळं बंद करून.

चौथी पायरी, ॲप. यूट्यूब चालतंय पण एकच ॲप अडतंय? मग दोष त्या ॲपचा. ते पूर्ण बंद करून उघडा, नाहीतर काढून पुन्हा टाका. जागा भरली असल्याची सूचना आली, तर मुलांनी टाकलेले खेळ आधी काढा. काडीत जागा फोनपेक्षा कितीतरी कमी असते.

पाचवी पायरी, खातं. 'साइन इन' म्हणत असेल तर आपली वही उघडायची. आहे की नाही सोपं?

आणि रिमोट? त्याचे सेल आधी बदला, तेसुद्धा दोन्ही नवे. एक नवा, एक जुना नको. तरीही फायर टीव्हीचा रिमोट ऐकत नसेल तर घराचं चित्र असलेलं बटण १० सेकंद दाबून धरा, तो काडीशी पुन्हा मैत्री करतो. रिमोट हरवलाच तर कंपनीचं ॲप फोनवर घ्या. फोन आणि काडी एकाच वाय-फायवर असतील तर फोनच रिमोट होतो.

रिसेटची घाई नको

इतकं करूनही जमलं नाही की घरातला एखादा उत्साही भाचा म्हणतो, ''मामी, रिसेट मारू का?'' थांबवा त्याला! फॅक्टरी रिसेट म्हणजे काडी दुकानातून आली तशी कोरी. सगळी खाती, सगळे पासवर्ड पुसले जातात आणि जोडणी पहिल्यापासून करावी लागते.

याचं एक ताजं उदाहरण. ९ मार्च २०२५ रोजी जगभरात गूगलच्या क्रोमकास्टचे दुसऱ्या पिढीचे, म्हणजे २०१५ साली आलेले डबे एकाएकी अडले. लोकांना वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात आतल्या एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने सांगितलं, रिसेट करू नका, आम्ही दुरुस्ती पाठवतो. काही दिवसांत दुरुस्ती आली. जे शांत बसले त्यांचे डबे आपोआप सुरू झाले. ज्यांनी घाईने रिसेट मारलं, त्यांना डबा पुन्हा जोडताच येईना, त्यांना आणखी थांबावं लागलं. तात्पर्य काय, दोष नेहमी आपल्या घरातच असतो असं नाही. शेजारणीला, बहिणीला फोन करून विचारा, 'तुझ्याकडे चालतंय का गं?' तिच्याकडेही बंद असेल तर चहा ठेवा आणि वाट बघा.

मदतीच्या नावाखाली लूट

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीवर कोड येतो, काही सुचत नाही, म्हणून आपण फोनवर 'अमुक कस्टमर केअर नंबर' असं शोधतो. पहिला जो नंबर दिसेल तो लावतो. समोरचा गोड बोलतो, ''मॅडम, ॲक्टिव्हेशनचे थोडे पैसे भरावे लागतील,'' किंवा ''मी सांगतो ते ॲप डाउनलोड करा, मी इथून दुरुस्त करून देतो.'' त्या ॲपमधून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. मग बँकेचा ओटीपीही दिसतो. कांद्याची पट्टी नुकतीच खात्यात जमा झालेली असते आणि हंगामाची कमाई काही मिनिटांत गायब!

तेव्हा पक्कं लक्षात ठेवा. काडी सुरू करायला 'ॲक्टिव्हेशन फी' नावाचा प्रकार नसतो. मदतीचा नंबर खोक्यावरून, पावतीवरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्यायचा. दुसऱ्याने सांगितलेलं पडदा दाखवणारं ॲप टाकायचं नाही. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. '१९३०' या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. नवरा ओरडेल, सासूबाई काय म्हणतील, या विचारात गेलेला एक-एक तास चोराच्या फायद्याचा असतो.

महिन्याच्या वर्गणीवरही नजर हवी. एकदा 'ऑटो-पे' दिलं की पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. जे ॲप दोन महिन्यांत उघडलं नाही, त्याची वर्गणी बंद करा. नुसतं ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि घरात मुलं असतील तर खरेदीला पिन लावा. पिन अर्थातच तुम्हाला ठाऊक असलेला!

एक छोटासा गृहपाठ

हे सगळं वाचून 'जमेल का बाई मला?' असं वाटत असेल, तर एवढंच आठवा. साठवलेल्या कांद्यातला कुठला सडायला लागलाय, हे आपल्याकडच्या बायका नुसत्या वासावरून सांगतात. कुकरची शिट्टी का होत नाही, हे आपण रिंग, झाकण, पाणी असं एक-एक तपासूनच शोधतो. दोष शोधायची ही रीत आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. फक्त ती टीव्हीच्या मागे वापरायची.

तेव्हा या रविवारी एक काम करा. मुलगा किंवा मुलगी घरी असेल तर शेजारी बसवा, पण रिमोट त्यांच्या हातात देऊ नका. ''मी करते, चुकलं तर सांग,'' म्हणा. खात्याचा मोबाइल नंबर बदलून तुमचा करून घ्या. वहीचं एक पान टीव्हीच्या नावाने लिहून काढा. आणि एकदा मुद्दाम राउटर आणि काडी दोन्ही बंद करून, क्रमाने पुन्हा सुरू करून बघा. एकदा जमलं की भीती जाते.

आणि हो, तुम्हाला जमलं की शेजारच्या वहिनींनाही शिकवा. त्यांचाही मुलगा पुण्यालाच असेल!